उजव्या खांद्यावरची कळी

“सदर मुलीस देवास वाहिलेले नाही. मुलीची आई मथुरा हिने आपण होऊन कौल मागितला व देवीने तो डावा दिला. त्यानंतर मुलीची केवळ ओटी भरण्यात आली. मुलगी संतुष्ट आहे.”

भाट्याच्या खाडीपलीकडील एका गावच्या देवस्थान पंचांनी सन १९३५ च्या दसऱ्यानंतर चौकशी अंमलदारांपुढे हे निवेदन केले, आणि अंमलदारांनी ते जसेच्या तसे मान्य करून प्रकरण निकाली काढले. गावाचे नाव मी लिहीत नाही. एका गावाचे नाव लिहिले की शेजारच्या गावांना आपण निर्दोष असल्याचा भास होतो, आणि तो भास त्यांना मिळवून देण्याचे मला काही कारण दिसत नाही.

निवेदन सुबक आहे. शेवटचे वाक्य आधी घेऊ. मुलगी नऊ वर्षांची; नाव दमयंती. तिच्या संतोषाची चौकशी खोतांच्या अंगणात, खोतांच्या देखत, खोतांनीच केली. मुलगी काही बोलली नाही. न बोलणाऱ्या नऊ वर्षांच्या मुलीच्या चेहऱ्यावरून संतोष वाचण्याची ही विद्या कोणत्या शास्त्रात सांगितली आहे, ते अंमलदारांनी विचारले नाही. ‘केवळ’ हा शब्द तर सरकारी मराठीत नेहमी एखाद्या मोठ्या भांड्यावरचे झाकण म्हणून आढळतो. तो दिसला की झाकण उचलून पाहावे. ओटी भरायला तांदूळ, नारळ आणि खण लागतो. कट्यार लागत नाही. त्या सकाळी देवीपुढच्या पाटावर कट्यार होती, कट्यारीच्या मुठीला काळे मणी गुंडाळलेले होते, आणि ते मणी सोडवून मुलीच्या गळ्यात बांधले गेले. मुली देवाला वाहण्याची चाल बंद करणारा कायदा आदल्याच वर्षी झालेला असल्यामुळे त्या विधीचे नाव बदलले. बदल तेवढाच.

उरले कौलाचे वाक्य. ते खरे आहे असे सर्वांनी धरले. अंमलदारांनी धरले, गावाने धरले, आणि कितीतरी दिवस खुद्द मथुरेनेही धरले. ज्या वाक्याला विरोधी पक्षही मान डोलावतो ते वाक्य कोणी तपासत नाही. म्हणून ते इथे तपासायचे आहे.

मथुरा ही भावीण. हा शब्द ज्यांच्या कानांवरून गेलेला नाही त्यांच्यासाठी अर्थ सांगतो. लहानपणी देवीच्या कट्यारीशी जिचे लग्न लावले, जी देवळाचा मंडप झाडते, समया घासते, पालखीपुढे दिवटी धरते, आणि गावच्या मानकऱ्यांना नाही म्हणण्याचा अधिकार जिला जन्मात मिळत नाही, ती भावीण. तिला मुलगी झाली तर ती पुढची भावीण. दमयंतीचा बाप कोण हे गावाला ठाऊक आहे आणि म्हणूनच गाव ते बोलत नाही. मथुरेला एकच गोष्ट हवी होती: ते मणी लेकीच्या गळ्यात पडू नयेत. तिच्याजवळ पैसा नव्हता, नातलग नव्हते आणि अक्षर नव्हते. मग तिला एक गिटार मिळाली.

ती आली आत्माराम खलाशाकडून. आगबोटीवरचा गोव्याचा एक स्वयंपाकी समुद्रावरच वारला आणि त्याचे सामान डेकवर विकले गेले. मेलेल्याचे वाद्य कोणी घेईना, म्हणून ते आत्मारामाने जवळजवळ फुकट उचलले, घरी आणले, आणि वाजवायचे कसे हे ठाऊक नसल्यामुळे त्याच्या पोटात सुपाऱ्या साठवल्या. मथुरेने त्याच्या आईची शेवटच्या आजारात सेवा केली होती. तिने बदल्यात काय हवे ते मागावे असे तो म्हणाला, तेव्हा तिने कोपऱ्याकडे बोट केले.

“तां काय करायचंय तुला?” तो म्हणाला. “त्यानं चूल पण नीट पेटायची नाय.”

“सुपाऱ्या तेवढ्या काढून घे,” ती म्हणाली.

वाद्याच्या जोरावर लेक सोडवण्याचा विचार तिच्या डोक्यात आला होता तो रत्नागिरीच्या बाजारात. देवळाचे तेल आणायला ती तरीतून, म्हणजे उतारूंच्या होडीतून, खाडी ओलांडून जाई. तिथे कायतान मेस्त नावाचा गोव्याचा ख्रिस्ती मनुष्य आपल्या मेव्हण्याच्या पावाच्या भट्टीवर बसत असे. तरुणपणी तो बोटीवरच्या बँडात होता; आता बोटे पिठात असत, आणि दुपारी भट्टी निवत आली की तीच बोटे गिटारीवर. मथुरा दारात उभी राहून ऐके. एकदा तिने विचारले, हे शिकलेल्या बाईमाणसाला कुठे पोट भरता येते काय? तो म्हणाला, मुंबईला माझी बहीण एका शाळेत गाणे शिकवते, मुली तिथेच राहतात, तिथेच जेवतात. दोन-तीन गती स्वच्छ वाजवणारी पोर आणून दिली तर ती ठेवून घेईल. जातीचे विचारणार नाही. मथुरेने हे शेवटचे वाक्य त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले.

मग ती दमयंतीला आणि गिटारीला घेऊन आली. कायतानने वाद्य उलटे करून हलवले. आतून एक सुपारी पडली.

“ह्याच्यात कोंबडी बसत होती काय गो, बाय?”

“नाय मेस्त, सुपाऱ्या होत्या.”

“मग बरें. कोंबडीचा वास सुरातून जात नाही.”

तारा दोनच उरल्या होत्या, आणि तारा जिथे अडकवतात ती लाकडी पट्टी, घोडी, सुटून लोंबत होती. नवीन सहा तारा मुंबईहून मागवायच्या तर मथुरेच्या आवाक्याबाहेरचे काम. कायतानने ते हसण्यावारी नेले. सहा तारा हे दुकानदाराचे मत, तो म्हणाला. या हाताला तीन पुष्कळ. दोन बारीक तारा तंबोऱ्याच्या घेतल्या, त्या रत्नागिरीत मिळत. जाड तारेसाठी तो पिंजाऱ्याकडे गेला आणि कापूस पिंजायच्या धनुकलीची तुटलेली तात मागून आणली. ती इतकी खर्जात बोले की भट्टीवरचे मांजर उठून बाहेर जाई. वाद्य थोराचे, हात पोरीचा. चौथ्या घरापर्यंत बोट पोचेना. तेव्हा त्याने बांबूची एक चीप तासली आणि सुतळीने गिटारीच्या गळ्यावर आडवी आवळली. तारा आखूड झाल्या, घरे जवळ आली, वाद्य पोरीएवढे झाले. तारा त्याने सैलच ठेवल्या, म्हणजे कोवळी बोटे कापायची नाहीत. शिकवणीची फी ठरली नारळाच्या वाळल्या झावळ्यांच्या मोळ्या, चुडते. भट्टी पेटवायला ती लागतात, आणि मथुरेला ती वाडीतून वेचून आणता येत. पावसाळ्यात लाकडाचे सरसाचे सांधे सुटतात म्हणून गिटार भट्टीच्या वरच्या फळीवर ठेवायची, आणि पोरीने तिथेच येऊन वाजवायची, असाही नियम झाला. मी अनेक संगीतविद्यालयांच्या नियमावल्या वाचल्या आहेत. याहून शहाणी एकही आढळली नाही.

घोडी मात्र कायतानकडून बसेना. सरस धरत नव्हता. मथुरा म्हणाली, आमच्या गावात भागोजी गुरव आहे, त्याला जमेल.

भागोजी हा देवळाचा पुजारी आणि देवळाचा सनईवालाही. वाद्याची त्याला खरी माया होती, हे त्याच्या बाजूने लिहून ठेवले पाहिजे, कारण याच्यापुढे त्याच्या बाजूने लिहिण्यासारखे काही नाही. त्याने फणसाचा चीक करवंटीत घेऊन निखाऱ्यावर कढवला, राळ घातली, आणि काळसर तपकिरी खळ तयार झाली. दमयंती जवळ बसली होती. करवंटी त्याने तिच्या हातात दिली.

“नीट धर हां, पोरी. हातावर सांडला तर खोबरेल तेलाबिगर सुटायचा नाय.”

“पाण्यानं?”

“पाणी काय करतंय त्याला. देवीची आंघोळ झाली तरी हलायचा नाय.”

हे वाक्य तो सहज बोलला. मथुरा तिथेच समई घासत बसली होती. तिनेही ते सहज ऐकले. घोडी बसली ती दगडासारखी. भागोजीने मोबदला घेतला नाही. त्या दिवसापासून गिटारीला फणसाच्या चिकाचा उग्र, किंचित गोड वास राहिला, आणि वाजवताना हनुवटी वाद्याला टेकत असल्यामुळे दमयंतीच्या केसांनाही तो येई.

तो सगळा पावसाळा ती शिकली. खाडीवरच्या तरी बंद असत त्या दिवशी ती घरी मथुरेच्या दंडावर बोटे दाबून सुरांच्या जागा पाठ करी. झोपेतसुद्धा करी. डाव्या हाताची टोके कठीण झाली, तेव्हा कायतानने ती भट्टीच्या उजेडात धरून पाहिली आणि म्हणाला, “आतां झाली. नारळी पौर्णिमेनंतर आगबोटी सुरू होतील, पहिल्याच बोटीने पाठव. आणि कोणाला सांगू नकोस.”

“देवीला न विचारता खाडी कशी ओलांडू, मेस्त?”

“रोज ओलांडतेस ती?”

“तेलासाठी ओलांडते. ही जायची ती परत न यायला. आमच्यात भात पेरायचं झालं तरी विचारतात.”

“आणि ती नाही म्हणाली तर?”

“ती नाय म्हणायची नाय,” मथुरा म्हणाली. “ती बाईमाणूस हाय.”

चूक इथे झाली. ही चूक मूर्खपणाची नव्हे. जिला आयुष्यात कोणी काही विचारले नाही, त्या बाईने एका ठिकाणी तरी आपले ऐकून घेतले जाते असे मानले होते. तेवढाच तिचा मान. जिने मंडप रोज झाडला तिला मंडपात न्याय मिळेल, हे अनुमान तर्काला धरून आहे. फक्त त्यातला दुसरा पक्ष देवी नसून गाव होता, हे तिच्या हिशेबात आले नाही.

कौल मागायचा तर मानकऱ्यांना आधी कळवावे लागते. गावचे खोत भिकाजी. त्यांना सगळे आप्पा म्हणत, आणि तेही स्वतःला तेच समजत. कळवायला ती गेली तेव्हा मंडपात चार-सहा मंडळी पान लावीत बसली होती.

“काय गो मथुरे,” आप्पा म्हणाले, “लेकीला पाववाल्याकडे बाटवायला पाठवतेस म्हणे?”

“पाव खात नाय ती, आप्पा. तारा छेडते.”

“आज तारा, उद्या पाव. परवा गळ्यात क्रूस.” मंडळी हसली. “आणि शिमग्याला पालखीपुढे दिवटी कोण धरणार? पाववाला?”

“धरील की,” कोणी म्हणाले, “त्याला विस्तवाची सवय हाय.”

हसणे ओसरल्यावर आप्पांनी पान तोंडात घातले आणि अगदी मायेने म्हणाले, “विचार देवीला. आम्ही कोण नाही म्हणणारे? तिची पोर, तिची मर्जी.” बोलताना ते मथुरेकडे पाहत नव्हते. ते भागोजीकडे पाहत होते, आणि भागोजी आपल्या सनईची पिपाणी धोतराच्या सोग्याने पुसत होता. पुसता पुसता त्याचा हात थांबला, मग पुन्हा चालू लागला. एवढेच घडले. कोणी कोणाला काही सांगितले नाही.

पाव खाल्ल्याने मुलगी बाटते आणि कट्यारीशी लग्न लावल्याने पवित्र होते, या सिद्धांतावर ग्रंथ लिहिता येईल. मी तो लिहिणार नाही. त्यावर टीकाग्रंथ निघतील आणि त्यांत मतभेद नोंदवले जातील.

कौलाची रीत अशी. देवीच्या खांद्यांवर चांदीचा पत्रा बसवतात. तगरीच्या दोन कळ्या पाण्यात बुडवून एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या खांद्यावर चिकटवतात. गुरव गाऱ्हाणे घालतो. पाणी सुकते तशी कळी सुटते. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. अर्थात रीतीप्रमाणे या न्यायालयात कळ्या चिकटवणारा आणि प्रश्न विचारणारा मनुष्य एकच असतो, आणि गाभाऱ्यात त्याच्यावाचून कोणी शिरत नाही. इतकी सोपी सोय इंग्रजांच्या कायद्यालाही साधली नाही.

श्रावण सरत आला होता. बाहेर स्वच्छ ऊन होते, पण गाभाऱ्यात समईवाचून उजेड नव्हता. भागोजी आत गेला, बराच वेळ पाठ करून उभा राहिला, आणि मग बाजूला झाला. कळ्या दिसल्या: काळ्या पाषाणावर चांदी, चांदीवर दोन पांढरे ठिपके.

“बा देवी, माये! आज ही तुझी भावीण मथुरा तुझ्या पायाशी गाऱ्हाणं घालतेय.”

“होय म्हाराजा!” मंडप म्हणाला.

“तिची लेक दमयंती, तिला वाद्य शिकायला मुंबईस धाडायचं तिच्या मनात आलंय.”

“होय म्हाराजा!”

“तुझी राजीखुशी असेल तर उजवी दे. नसेल तर डावी दे. काय तो निवाडा तूच कर, म्हाराजा!”

“होय म्हाराजा!”

दमयंती आईला चिकटून उभी होती आणि तिच्या दंडावर बोटे दाबत होती, एक जागा, दुसरी जागा, तिसरी. समईची वात तडतडली. कोणीतरी खोकले. उजव्या कळीच्या देठाशी पाण्याचा एक थेंब बराच वेळ लोंबत राहिला आणि पडला, कळी राहिली. मथुरा त्या कळीकडे पाहत होती, जसे भुकेले माणूस दुसऱ्याच्या हाताकडे पाहते. डावी कळी किंचित कलली. मंडपातल्या म्हाताऱ्यांनी श्वास आत घेतला. ती कलली, थांबली, आणि पडली. दगडावर पडताना तिचा आवाज झाला असे मथुरा नंतर शपथेवर सांगे. कळीचा आवाज होत नाही. पण मी तिला तसे म्हणालो नाही.

दंडावरची बोटे थांबली.

“झाला निवाडा,” आप्पा उठत म्हणाले. “ती आपली माणसं सोडत नाही.”

मथुरा रडली नाही की भांडली नाही. घरी गेली, आणि दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन भट्टीवरून गिटार उतरवून आणली. कायतानने तिला पुष्कळ समजावले, मग शिव्या दिल्या, मग भट्टीकडे तोंड करून उभा राहिला. वाद्य गावाने देवीच्या कोठीत ढोलांच्या शेजारी ठेवून घेतले. देवीच्या माणसाचे वाद्य ते देवीचेच, असे पंचांचे मत पडले. नवरात्र बसायच्या आधी, एका सकाळी, पाटावर कट्यार ठेवली गेली. ते मी वर लिहिले आहे. पुन्हा लिहिण्याची इच्छा नाही. दमयंतीने मणी बांधताना मान पुढे केली, कारण आईने तिला तसे करायला सांगितले होते. आणि आईने सांगितले, कारण देवीने सांगितले होते.

या आज्ञाधारकपणाला निवेदनात ‘संतुष्ट’ म्हटले आहे.

नवरात्राची आरास उतरल्यावर देवीची चांदी घासायला बाहेर देतात. ते काम भाविणीचे. खांद्यांचा पत्रा वर्षभरात सणाला आणि कौलालाच बाहेर निघतो. नवरात्रभर त्याच्यावर शालू आणि फुलांचे ओझे होते. मथुरा परसात चिंच आणि राख घेऊन बसली, शालूचे धागे झटकले, आणि पत्रा उलटा करताना तिचा हात थांबला. उजव्या खांद्याच्या कडेला एक तगरीची कळी अजून उभी होती. सुकून तपकिरी झालेली, कागदासारखी, पण उभी. श्रावणातली. तिच्यावरून नवरात्रातल्या अभिषेकांचे पाणी गेले होते, दूध गेले होते, दही, मध, कुंकू गेले होते. मथुरेने नखाने ढकलली. हलली नाही. चिंचेचा कोळ लावला. हलली नाही. तिने दमयंतीला खुणेने जवळ बोलावले.

पोर वाकली, आणि काही न विचारता म्हणाली, “आई, ह्याला माझ्या गिटारीचा वास येतोय.”

मथुरा उठली. समईतले खोबरेल तेल बोटावर घेतले आणि देठाशी लावले. थोड्या वेळाने कळी अलगद सुटून तिच्या तळहातावर आली. खाली चांदीवर तपकिरी डाग राहिला, तांदळाच्या दाण्याएवढा.

ती कळी पानात बांधून तिने चौकशी अंमलदारांपुढे नेली. तक्रार तिनेच केली होती. कायतानने ती इंग्रजी जाणणाऱ्या एका ओळखीच्या माणसाकडून लिहवून दिली. अंमलदार सुशिक्षित होते. त्यांनी पान उघडले, कळी पाहिली, आणि पान मिटले. देवीच्या अंगावरील वस्तू पुराव्यात घेतल्यास लोकांच्या भावना दुखावतील, असे त्यांनी तिला समजावून सांगितले. शिवाय कळी चिकटून राहणे ही देवीची इच्छाही असू शकेल. त्याबाबत सरकारला काही म्हणायचे नाही. मग त्यांनी आप्पांकडचे नारळपाणी घेतले आणि पंचांचे निवेदन मान्य केले.

येथे सरकारी सत्य संपते. पुढे जे झाले त्याचा मी साक्षी आहे, कारण अंमलदार गेल्यावर एका सकाळी ते घडले तेव्हा मी मंडपातल्या एका खांबावरचा जुना लेख उतरवीत बसलो होतो. तो दानलेख आहे. कोणी एका पुण्यवंताने देवीला जमीन, एक गाय आणि एक ‘दीपसेविका’ दिल्याचे त्यात कोरलेले आहे. दगडावर अक्षर फार सुंदर आहे.

परिणाम आधी सांगतो, म्हणजे वाचकाला त्याची वाट पाहावी लागू नये. दुसऱ्याच दिवशी दमयंती भाट्याच्या तरीतून पलीकडे गेली. गळा मोकळा होता. हातात गिटार होती. ती मथुरेने कोठीतून भर सकाळी, सगळ्यांच्या देखत उचलून आणली, आणि तिच्या चेहऱ्याकडे पाहून कोणी आडवे आले नाही. तरीत बसल्यावर पोर शेजारी बसलेल्या कायतानच्या बाहीवर बोटे दाबत होती. त्याने बाही मागे घेतली नाही. बोटीने ती मुंबईला पोचली, इतके मला निश्चित ठाऊक आहे. मथुरा काठावरूनच परतली. तिला सोबत जा म्हणून कायतान विनवत होता. ती म्हणाली, “ती गेली म्हणजे झालं. मला इथं एकाकडे बघायचंय रोज.” ती अजून गावात आहे. मंडप झाडीत नाही, समया घासत नाही. रोज सकाळी मंडपाच्या पायरीवर येऊन बसते आणि भागोजीकडे पाहते. सनई वाजते तेव्हाही पाहते. गावातले लोक त्या पायरीवरून चढत नाहीत, बाजूने वळसा घेतात. त्या वर्षापासून कोणी कौल मागायला आलेले नाही, आणि आप्पांची झोप गेली आहे असे म्हणतात. त्याचे मला दुःख वाटत नाही.

तर त्या सकाळी. मथुरा मंडपात आली. भागोजी देवीसाठी फुले निवडीत होता. तिने ते पान त्याच्यापुढे ठेवले आणि उघडले. तो कळीकडे पाहत राहिला.

“पेटलेल्या समईवर हात ठेव,” ती म्हणाली, “आणि सांग, देवीनं दिली काय डावी?”

“मथुरे, माणसं हायत.”

“म्हणूनच आले. मला अजून तिचाच धाक हाय, भागोजी. ती नाय म्हणाली असेल तर पोर इथंच राहील. मीच ठेवीन. तू फक्त सांग, ती म्हणाली काय?”

मंडपात आठ-दहा माणसे होती. एकही उठले नाही. आप्पा खांबाला टेकून उभे होते, आणि आप्पांनी घसा खाकरला. भागोजीने त्यांच्याकडे पाहिले, मग समईकडे, मग कळीकडे. हात त्याने समईवर ठेवला नाही. दोन्ही हात त्याने मांडीखाली घेतले, लहान मुले मार चुकवायला घेतात तसे, आणि बोलला. बोलणे हळू होते, पण मंडप दगडी आहे आणि शब्द परत येतात. ते मी लेखाच्या कागदावर, दानलेखाच्या खाली, तिथल्या तिथे उतरवून घेतले. त्यात माझा एकही शब्द नाही:

“देवीला कोण विचारतंय गो, मथुरे? चीक मी लावला. आप्पांनी मला काय सांगितलं नाय, सांगावं लागतच नाय. पोर गेली असती तर पालखीपुढं कोण उभं राहिलं असतं, माझी सनई कुणासाठी वाजली असती? दर वेळी नंतर तेलानं काढतो मी, ह्या वेळी राहून गेली. आणि तू मला असं बघू नको. तुझ्या वेळी तुझ्या आयशीनं पण असाच कौल मागितला होता, तुला मामाकडे धाडायला. तेव्हाही चीकच होता. तो माझ्या बापानं लावला. मी तेव्हा लहान होतो, मी फक्त करवंटी धरली होती.”